जुन्या लॅपटॉपची नवी स्मृती

घरातले शिवणयंत्र अडखळू लागले, तर आपण लगेच नवे यंत्र विकत आणत नाही. पट्टा सैल झाला आहे का, सुई बोथट झाली आहे का, हे आधी पाहतो. दोष असलेला भाग बदलला, की यंत्र पुन्हा पहिल्यासारखे चालू लागते. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण एवढा धीर धरत नाही. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागू लागली, की "हा आता म्हातारा झाला" असे म्हणून मोकळे होतो. नवा लॅपटॉप घ्यायचा, तर अनेक घरांत कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडते. म्हणून हा खर्च करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : सगळा लॅपटॉप थकला आहे, की त्याचा एखादाच भाग?

पुष्कळ वेळा तो एक भाग म्हणजे हार्ड डिस्क असते. आपली सर्व माहिती, चित्रे, धडे आणि खुद्द लॅपटॉप चालवणारी प्रणाली तिच्यातच साठवलेली असते. हार्ड डिस्कमध्ये एक गोल, चकचकीत तबकडी फिरत असते. तिच्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते व माहिती वाचते. लॅपटॉपमधील नेहमीची तबकडी एका मिनिटात ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात ९० फेरे. हा वेग तुम्हांला फार मोठा वाटेल. पण संगणकाच्या दृष्टीने तो गोगलगाईचा वेग आहे.

असे का, ते हिशेब करून पाहू. हवी असलेली माहिती दांडीखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय दांडीला योग्य जागी सरकावे लागते. या दोन्हींना मिळून साधारण १५ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता समजा, लॅपटॉप सुरू होताना निरनिराळ्या जागी विखुरलेले माहितीचे १०,००० छोटे तुकडे गोळा करावे लागतात. प्रत्येकाला १५ मिलिसेकंद धरले, तर १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे नुसती शोधाशोध करण्यात जातात. त्या वेळात लॅपटॉपचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बराचसा रिकामाच बसलेला असतो.

एसएसडी या साधनात फिरणारी तबकडी नसते आणि सरकणारी दांडीही नसते. तिच्यात फ्लॅश स्मृतीच्या चिप असतात. त्यांतील अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कोंडून ठेवले जातात. वीज बंद केली तरी ते कण कप्प्यातच राहतात, म्हणून माहिती टिकते. येथे काहीही फिरावे लागत नसल्यामुळे एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. वरचेच १०,००० तुकडे मग एका सेकंदात गोळा होतात. प्रत्यक्षात लॅपटॉप १५० पट वेगाने सुरू होत नाही, कारण प्रोसेसरलाही स्वतःची कामे असतात. तरीही मिनिटांचे काम बहुधा सेकंदांवर येते.

ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे अभियंते फुजिओ मासुओका यांनी शोधली. त्यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिचा नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. आजच्या पेन ड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये आणि एसएसडीमध्ये नँड प्रकारचीच स्मृती असते.

आता पातळ लॅपटॉपकडे वळू. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. त्याचे नाव मॅकबुक एअर. सर्वांत जाड जागीही त्याची जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी होती. त्यात ८० जीबीची लहानशी हार्ड डिस्क होती. तिच्याऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल, तर केवळ त्या बदलासाठी ९९९ डॉलर जादा मोजावे लागत. ऑक्टोबर २०१० मध्ये याच लॅपटॉपचा नवा नमुना आला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. तिच्या जागी च्युइंगमच्या पट्टीसारखी अरुंद, उघडी एसएसडी होती. त्याच ९९९ डॉलरमध्ये आता ११ इंची पडद्याचा आणि ६४ जीबी एसएसडीचा अख्खा लॅपटॉप मिळू लागला. पावणेतीन वर्षांत तंत्रज्ञान किती स्वस्त झाले, हे यावरून दिसते.

पण ६४ जीबी जागा लवकर भरते. मग मोठी एसएसडी बसवावीशी वाटते. लॅपटॉप बनवणारी कंपनी असा सुटा भाग ग्राहकाला सहसा विकत नाही. म्हणून इतर कंपन्या तो बनवतात. अशा वस्तूला बाजारात 'थर्ड पार्टी' म्हणतात. पहिला पक्ष मूळ कंपनी, दुसरा पक्ष आपण ग्राहक, आणि तिसरा पक्ष हा सुटा भाग बनवणारा. तिसऱ्या पक्षाची वस्तू म्हणजे नकली वस्तू नव्हे. सायकलला दुसऱ्या चांगल्या कंपनीचा टायर बसवावा, तसेच हे आहे. मात्र टायरचे माप जुळले पाहिजे.

येथेच पुष्कळांची गफलत होते. मॅकबुक एअरच्या २०१० आणि २०११ च्या नमुन्यांत एसएसडीचे टोक एका आकाराचे आहे. २०१२ च्या नमुन्यात ते बदलले आणि २०१३ पासून पुन्हा बदलले. बाहेरून हे लॅपटॉप जवळजवळ सारखेच दिसतात. पण एकाची एसएसडी दुसऱ्यात बसत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या लॅपटॉपचे निर्मितीचे वर्ष व नमुना क्रमांक पाहावा. २०१८ च्या नव्या मॅकबुक एअरपासून तर स्मृतीच्या चिप मदरबोर्डवर डाग देऊन पक्क्या केल्या आहेत. तेथे बदलण्यासारखे काही उरलेले नाही.

इतर कंपन्यांच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची पट्टी असते. तिच्यावर २२८० असा आकडा आढळतो. त्याचा अर्थ सोपा आहे : रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्याही मिळतात. परंतु केवळ लांबी जुळून भागत नाही. माहिती वाहून नेण्याच्या पद्धती दोन आहेत. साटा पद्धतीची पट्टी सेकंदाला सुमारे ५०० एमबी माहिती वाचते. एनव्हीएमई पद्धतीची पट्टी त्याच्या कितीतरी पट अधिक वाचू शकते. ज्या जागी केवळ साटा चालते, तेथे एनव्हीएमई पट्टी बसली तरी लॅपटॉप तिला ओळखणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग विकणारी अनेक दुकाने आहेत. तेथे किंवा आपल्या गावच्या दुकानात जाताना आकार व पद्धत कागदावर लिहून न्यावी.

वस्तू जुळली, तरी लॅपटॉपमधील प्रणाली तिला कसे वागवते हेही महत्त्वाचे असते. फ्लॅश स्मृतीत एखादी जागा परत वापरायची असेल, तर आधी तिचा मोठा भाग एकदम पुसावा लागतो. कोणती माहिती आता नको आहे, हे प्रणालीने एसएसडीला वेळीच सांगितले, तर ही पुसापुशी मोकळ्या वेळात होते. या निरोपाला ट्रिम म्हणतात. ॲपलची प्रणाली २०१५ पर्यंत हा निरोप केवळ स्वतःच्या एसएसडीला देत असे. त्या वर्षी इतर कंपन्यांच्या एसएसडीसाठीही ही सोय खुली झाली. २०१३ नंतरच्या मॅकबुक एअरमध्ये जोडपट्टी लावून साधी एनव्हीएमई एसएसडी बसवायची असेल, तर २०१७ मध्ये आलेली हाय सिएरा ही प्रणाली किंवा तिच्या पुढची प्रणाली लागते. मूळ एसएसडी आत असतानाच ही प्रणाली घालून घ्यावी, म्हणजे लॅपटॉपला आवश्यक त्या आतल्या सुधारणाही मिळतात.

प्रत्यक्ष काम मोठ्या माणसांच्या किंवा जाणकार कारागिराच्या देखरेखीखालीच करावे. पहिली पायरी स्क्रू ड्रायव्हरची नसून बॅकअपची आहे. बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत. एसएसडी बाजारात पुन्हा मिळेल. पण दादीच्या आवाजाची ध्वनिफीत, बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे किंवा वर्षभर तयार केलेला प्रकल्प कोठल्याही दुकानात मिळणार नाही. बाहेरच्या डिस्कवर प्रत काढावी आणि तिच्यातील दोन-चार फाइली उघडून ती खरोखर वाचता येते, याची खात्री करावी.

नवी एसएसडी आधी यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडता येते. मग जुन्या एसएसडीवरील सर्व माहिती जशीच्या तशी तिच्यावर उतरवता येते. याला क्लोन करणे म्हणतात. तसे न करता प्रणाली नव्याने घालून, नंतर फक्त आपल्या फाइली परत आणता येतात. लॅपटॉपमध्ये पूर्वीचा बराच कचरा साठला असेल, तर ही दुसरी पद्धत चांगली.

यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करावा व चार्जर काढावा. कंगव्याने कोरडे केस विंचरले, तर तो कागदाचे कपटे ओढतो, हा प्रयोग तुम्ही केला असेल. हीच स्थिर वीज आपल्या बोटांवरही साठते. आपल्याला ती जाणवतही नाही. पण नाजूक चिप तिने निकामी होऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या मोठ्या, जमिनीला टेकलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा. नायलॉनचे कपडे व सतरंजी टाळावी.

मॅकबुक एअरच्या २०१० नंतरच्या नमुन्यांत खालच्या झाकणाला १० स्क्रू असतात. त्यांची खाच पाच पाकळ्यांच्या फुलासारखी असते, म्हणून त्यासाठी वेगळा स्क्रू ड्रायव्हर लागतो. सर्व स्क्रू एकाच लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा, म्हणजे घोटाळा होत नाही. झाकण निघाल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तेथेच थांबवावे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. तिला टोचू किंवा दाबू नये आणि लॅपटॉप कारागिराकडे द्यावा.

एसएसडी एकाच स्क्रूने धरलेली असते. तो काढून पट्टी किंचित उचलावी आणि सरळ रेषेत बाहेर ओढावी. नवी पट्टी कडेला धरून, टोकाच्या सोनेरी भागाला बोट न लावता, तशीच आत सरकवावी. जोर लावावा लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. मग स्क्रू बसवावा, बॅटरी जोडावी आणि झाकण लावावे.

लॅपटॉप सुरू झाल्यावर एक गोष्ट पाहून घाबरू नका. २५६ जीबीच्या एसएसडीची जागा विंडोज प्रणालीत सुमारे २३८ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. फरक मोजमापाचा आहे.

खरी फसवणूक वेगळी असते. अतिशय कमी किमतीत प्रचंड क्षमता सांगणाऱ्या बनावट एसएसडी विकल्या जातात. पडद्यावर मोठा आकडा दिसतो. पण थोडी जागा भरताच पुढची माहिती नाहीशी होते. म्हणून ओळखीच्या कंपनीची वस्तू पक्क्या पावतीसह घ्यावी. तसेच लॅपटॉपची वॉरंटी चालू असेल, तर तो उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

एसएसडी बदलल्याने सगळेच बदलत नाही, हेही लक्षात ठेवा. प्रोसेसर तोच राहतो. रॅम कमी असेल, तर ती कमीच राहते. मॅकबुक एअरमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की असते. ज्या लॅपटॉपमध्ये आधीपासून एसएसडी आहे, त्यात प्रामुख्याने जागा वाढते. वेगातील मोठी झेप मिळते ती हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्यावर.

काढलेली जुनी डिस्क कोठेही टाकू नका आणि भंगारातही देऊ नका. तिच्यात आपली ओळखपत्रे, छायाचित्रे व पत्रे असतात. फाइल डिलीट केली, म्हणजे ती नेहमीच पुसली जाते असे नाही. ती चालू असेल, तर केसिंगमध्ये घालून घरातच बॅकअपसाठी वापरावी. निकामी असेल, तर ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी आणि त्यापूर्वी तिच्यातील माहिती कायमची नष्ट करून घ्यावी.

'दुरुस्त' हा शब्द तुम्हांला उर्दूतून परिचित आहेच. मराठीनेही तो आपला मानला आहे. वस्तू दुरुस्त करता येणे, हा आता ग्राहकाच्या हक्काचा विषय झाला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीचा हक्क, या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. तरीही चिप मदरबोर्डवर पक्क्या केलेले लॅपटॉप बाजारात आहेतच. म्हणून पुढे कधी तुमच्या घरी लॅपटॉप घ्यायचे ठरले, तर किंमत व रंग विचारण्याबरोबर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न जरूर विचारा : याची एसएसडी बदलता येते का? आणि रॅम वाढवता येते का? दोन्ही उत्तरे 'हो' असतील, तर तो लॅपटॉप तुम्हांला आणखी काही वर्षे साथ देण्याची शक्यता वाढते.