अपघाताचा दावा प्रलंबित असताना विमा कंपनी बदलावी काय?

आपल्या समाजातील मागच्या पिढीने गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत अंगमेहनत करून मुलांना शिकविले. त्यातील अनेकांच्या दारात आज मोटारगाडी उभी आहे. कित्येकांचा तर टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन हाच चरितार्थ आहे. गाडी आली की विमा आला आणि विम्याबरोबर कागद आले. त्या कागदांवर आपण सही करतो, पण ते वाचीत नाही. म्हणून सभासद बांधव आम्हांला वरचेवर विचारतात त्या एका प्रश्नाचा येथे विचार करीत आहोत.

प्रश्न असा : गाडीला अपघात झाला, दावा दाखल केला, सर्व्हेअर पाहून गेला, पण पैसे अद्याप मिळाले नाहीत. तेवढ्यात पॉलिसीची मुदत संपत आली. दुसरी कंपनी कमी हप्त्यात विमा द्यावयास तयार आहे. तिच्याकडे गेलो तर जुना दावा बुडेल काय?

याचे उत्तर, नाही. दावा गाडीच्या आजच्या पॉलिसीशी नव्हे, तर अपघाताच्या दिवसाशी बांधलेला असतो. अपघात ज्या वेळी घडला त्या वेळी ज्या कंपनीची पॉलिसी चालू होती, तीच कंपनी त्या दाव्याला जबाबदार. समजा, आपली पॉलिसी ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते आणि अपघात १० मार्चला झाला. १ एप्रिलपासून आपण नव्या कंपनीचा विमा घेतला, तरी १० मार्चचा दावा जुन्याच कंपनीने निकाली काढावयाचा आहे. 'तुम्ही आता आमचे ग्राहक नाही' एवढ्या कारणावरून तिला तो नाकारता येत नाही. नव्या कंपनीचा त्या दाव्याशी काही संबंध नाही.

अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते आणि तेथे वर्षानुवर्षे चालू शकते. म्हणून अपघाताच्या वेळची पॉलिसी कंपनी बदलली तरी फेकून देऊ नये. न्यायाधिकरणाची नोटीस आली की ती विनाविलंब जुन्या कंपनीकडे पाठवावी व पोच घ्यावी. कंपनीच्या संमतीशिवाय समोरच्या पक्षाशी परस्पर तडजोड करू नये. पॉलिसीच्या अटींत तशी मनाई असते.

आता हप्त्याकडे वळू. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि चार सरकारी कंपन्या उरल्या. २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे, म्हणजे 'ओन डॅमेज'चे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. 'थर्ड पार्टी' विम्याचे दर मात्र आजही सरकारच ठरविते. म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या हप्त्यांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः ओन डॅमेजच्या भागात असतो. खरा खाचखळगाही तेथेच आहे.

त्या खळग्याचे नाव 'नो क्लेम बोनस'. एक वर्ष दावा केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे ती २५, ३५, ४५ अशी वाढत पाच वर्षांनी ५० टक्के होते. ही सूट गाडीच्या मालकाची असते, म्हणून कंपनी बदलली तरी ती सोबत नेता येते. परंतु सरलेल्या वर्षात दावा मंजूर झालेला असो वा नुसता प्रलंबित असो, सूट शून्यावर येते. 'पैसे कुठे मिळालेत अजून? मग दावा झालाच नाही' असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

नवी कंपनी अर्जावर लिहून घेते की मागील वर्षी दावा केलेला नाही. हे विधान खोटे ठरले तर ओन डॅमेजचे लाभ गमवावे लागतील, अशी अटही त्यातच असते. हिशेब करून पाहा. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये असेल तर २५ टक्के सूट २,००० रुपयांची झाली. या २,००० रुपयांसाठी पुढच्या अपघातात लाखाच्या भरपाईवर पाणी सोडावे लागू शकते. अर्ज एजंटाने भरला, ही सबब ऐकली जाईल असे धरून चालू नये; खाली सही आपली असते. पंचशीलातील चौथे शील आपण दर वंदनेला ग्रहण करतो. ते विहाराच्या दाराशी ठेवून विम्याच्या अर्जावर सही करता येत नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दावा अडला म्हणून नूतनीकरण थांबवू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विम्याविना गाडी चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या खंडात कोणी जखमी झाले तर भरपाई घर विकून द्यावी लागेल. दुसरी, गाडीची दुरुस्ती झाली नसेल तर नव्या कंपनीला तसे सांगावे. जुनी मोडतोड ती भरून देणार नाही; दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा दाखवावी. तिसरी, मुदतीच्या मध्येच पॉलिसी रद्द करू नये. दावा केलेला असताना उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळण्याची आशा नसते. मुदत संपेपर्यंत थांबावे आणि नवी पॉलिसी त्याच क्षणापासून सुरू होईल असे पाहावे.

ओन डॅमेजचा दावा जुनी कंपनी रखडवीत असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे लागते.

बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याने दिलेले हक्क ओळखावयास शिकविले. पॉलिसी हाही एक करारच आहे. त्यातील आपला हक्क सोडू नये आणि त्यात असत्यही लिहू नये. आमच्या विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती की, घरी वडिलांच्या गाडीची पॉलिसी असेल ती आज काढावी, तिची अखेरची तारीख पाहावी आणि अटी सर्वांना वाचून दाखवाव्यात.

जय भीम!