बियाण्याचं पाकीट आणि मोकळे सोडलेले गुणांक

१९७४ साली अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी निवडीचं गणित मांडलं: समोर अनेक पर्याय असताना माणूस त्यातला एकच का उचलतो, याचं. बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात सुरू केलेल्या महिको या बियाणे कंपनीला तेव्हा दहा वर्षं झाली होती. बियाण्याचं पाकीट उचलणं हीही तशीच एक निवड. पण मॅकफॅडन यांच्या साध्या सूत्रात (लॉजिट) किमतीचा गुणांक, म्हणजे किंमत किती टोचते याचा आकडा, सगळ्यांना एकच. कडवंचीत शेततळ्यावर द्राक्षं घेणारा आणि भोकरदनकडे कोरडवाहू कपाशी लावणारा, दोघांनाही पाकिटामागे जादा शंभर रुपये सारखेच टोचतात, असं धरून चालायचं!

१९९८मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रेव्हेल्ट आणि ट्रेन यांनी एकाच माणसाच्या वारंवार केलेल्या निवडींसाठी मिक्स्ड लॉजिट मांडलं. यात गुणांक मोकळा सोडतात, म्हणजे तो माणसागणिक बदलतो आणि त्याला एक वितरण द्यावं लागतं. ट्रेन यांनी त्याचा गॉस या सॉफ्टवेअरमधला कोड फुकट वाटला, २००७मध्ये होले यांची स्टाटासाठी मिक्सलॉजिट ही आज्ञा आली, २०१९मध्ये आर या सॉफ्टवेअरसाठी अपोलो हे पॅकेज. काम एका ओळीवर आलं.

त्या ओळीत काय लिहायचं, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. किमतीच्या गुणांकाला नॉर्मल वितरण दिलं की त्याचं एक टोक शून्याच्या पलीकडे जातं आणि काही शेतकऱ्यांना महागच बियाणं हवंय, असं उत्तर निघतं. म्हणून लॉगनॉर्मल घ्यायचं. ते नेहमी धन असतं आणि किमतीचा गुणांक तर ऋण हवा, तेव्हा किमतीचा रकाना आधी उणे एकने गुणायचा. छापून येणारे आकडेही लॉगमधले असतात, ते तसेच अहवालात उतरवू नयेत. मिक्सलॉजिटमध्ये वेगळं सांगितलं नाही तर ५०च हॅल्टन ड्रॉ (वितरणातून उचललेले नमुने) घेतले जातात; अंतिम निकालासाठी ते अपुरे.

बीटीचा गुणांक वेगळा. २००२मध्ये बोंडअळीला तोंड देण्यासाठी बनवलेल्या बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तेव्हा बियाण्याचं ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या आसपास होतं. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर ही कपाशीही खाल्ली. त्यानंतर बीटी म्हणजे कुणाला भरवसा, कुणाला नुसता खर्च. इथे चिन्ह दोन्हीकडे जाऊ शकतं, तेव्हा नॉर्मलच योग्य.

आणखी एक पेच सरकारी दराचा. २००६पासून राज्याने बीटी बियाण्याचे दर खाली आणले. डिसेंबर २०१५च्या आदेशानंतर केंद्रच कमाल दर ठरवतं. एकाच तंत्राच्या पाकिटांचा छापील दर सारखा असेल, तर कृषी सेवा केंद्राच्या पावत्यांतून किमतीचा गुणांक निघणार कसा? (ब्लॅकचा दर पावतीवर येत नाही.) मग वेगवेगळे दर लिहिलेली कार्डं दाखवूनच शेतकऱ्यांना विचारावं लागतं. आणि एका शेतकऱ्याची सगळी उत्तरं एकाच ओळख क्रमांकाखाली बांधावी लागतात, नाहीतर प्रत्येक कार्डाला नवा माणूस धरला जातो.

तेव्हा बियाण्याच्या निवडीवरचा असा अहवाल हाती आला, तर आधी पाहा: कोणते गुणांक मोकळे सोडलेत, वितरण कोणतं, ड्रॉ किती. हे लिहिलेलं नसेल, तर त्यातल्या सरासरीवर बियाण्याचं धोरण ठरवू नका.