वर्धेचा उन्हाळा अन् टीव्हीमागची स्टिक

जुन्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल तर नवा स्मार्ट टीव्ही घ्यायची घाई करू नका, मंडळी. स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. पण आपल्या वर्धा-हिंगणघाटकडे तिचा खरा शत्रू म्हणजे मे महिना! पारा ४५च्या आसपास, त्यात टीव्ही अन् भिंतीच्या फटीत कोंबलेली स्टिक. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते, चित्र अडखळतं, अन् आपण शिव्या घालतो नेटवाल्याला. बऱ्याच स्टिकसोबत एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायर येते. ती डब्यातच पडून राहते. ती लावा, स्टिक मोकळ्या हवेत लोंबकळू द्या.

वाय-फायचं म्हणाल तर राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गीगाहर्ट्झ. मध्ये जुन्या घराच्या जाड भिंती असतील तर २.४ बरा. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५ पुरतात.

साउंडबार घेतलात तर तो टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टातच जोडा. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी ॲटमॉसचा आवाज जात नाही, दुकानदार काहीही सांगो.

स्टिकऐवजी गुगलचं जुनं स्ट्रीमिंग यंत्र क्रोमकास्ट स्वस्तात मिळतंय? गुगलने २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. मार्च २०२५ मध्ये तर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर अचानक ठप्प झाली होती. त्यांतल्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. नंतर दुरुस्ती आली, तरी मी घेणार नाही.

वीज सारखी जाते का? राउटरला मिनी यूपीएस लावा, व्होल्टेज जुळतंय ना ते पाहून.