खंजिरीचे ऋण

११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी कायमची थांबली. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, गुरुकुंज मोझरीत जमलेला लक्षावधींचा समुदाय मौन धारण करतो. आणि त्याच मांडवात पुन्हा खंजिरी घुमू लागते. शोक व उत्सव यांचा असा संगम विरळाच. बुलढाण्याच्या खेड्यापाड्यांतही ही भजने आजवर गायिली जातात.

परंतु ज्याने खंजिरीच्या तालावर ग्रामसफाई व व्यसनमुक्ती शिकविली, १९४२च्या लढ्यात कारावास सोसला, त्याचे स्मरण केवळ मौनाने व गजराने पुरे होते काय? ज्या गाण्याने आमच्या हाती झाडू दिला, त्याचे ऋण अंगण झाडूनच फिटावयाचे. आम्हां शहरवासीयांच्या आळीतील कचरा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर ते मौन निव्वळ मुकेपण ठरेल.