काचेची वीट

तुळजापूरला आईची ओटी भरताना आपण काचेच्या हिरव्या बांगड्या ठेवतो. त्या बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या. फ्रान्सचा कलावंत ज्याँ-मिशेल ओथोनिएल याच गावातल्या कारागिरांकडून काचेच्या विटा करून घेतो. काच फुंकून, साच्यात घालून त्या घडवतात.

हे सुचलं कसं? दिल्लीहून फिरोजाबादला जाताना त्याला रस्त्याच्या कडेला विटांचे ढीग दिसले. कधीतरी घर बांधू, या आशेनं लोकांनी जमतील तशा साठवलेल्या विटा! ती आशा त्याच्या मनात भरली. २०२१ मध्ये पॅरिसच्या पेटी पॅले संग्रहालयाच्या पायऱ्यांवर अशाच निळ्या काचविटांची नदी मांडली होती.

आपल्या गटाची दरमहाची बचतही एकेक वीटच. ढीग लहान दिसतो म्हणून ती चुकवू नका.