जुन्या ट्रॅक्टरचे टायमिंग गिअर आणि गव्हर्नर : पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी हे वाचा



मृग तोंडावर आलाय. आता चिखलणीसाठी ट्रॅक्टर बाहेर निघतील. आपल्यापैकी काहींकडे अजून महिंद्रा बी-२७५ किंवा त्याच काळातला ट्रॅक्टर आहे. बी-२७५ आपल्याच रेल्वे लाईनवरच्या कांदिवलीचा. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत तिथली ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली. इंजिन दणकट, पण इतक्या वर्षांत आतले भाग झिजणारच.

गाडी धूर टाकते, ओढत नाही, म्हणून पंपाचा स्क्रू फिरवायची घाई करू नका. झीज आहे तशीच राहते आणि डिझेल वाया जातं.

*कोण काय काम करतं?*
टायमिंग गिअर इंजिनाच्या पुढच्या कव्हरमागे असतात. क्रँकचे २ फेरे झाले की कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप यांचा १ फेरा होतो. म्हणून व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, डिझेल वेळेवर पडतं. गव्हर्नर रेस सांभाळतो. रोटाव्हेटर चिखलात दबला की डिझेल वाढवतो, उचलला की कमी करतो. पीटीओचे ५४० फेरे त्याच्याच जोरावर टिकतात.

*लक्षणं ओळखा*
▪️ सुरू व्हायला त्रास, पांढरा धूर, ओढ कमी : डिझेल उशिरा पडत असेल.
▪️ जोरात टक-टक : डिझेल लवकर पडत असेल.
▪️ पुढच्या कव्हरमधून खडखड : गिअरचे दात किंवा आयडलरचा बुश.
▪️ रेस आपोआप वर-खाली, लोड सुटला की इंजिन एकदम चढतं : गव्हर्नर.

*आधी बिनखर्चाचं बघा*
डिझेल लाईनमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर, ॲक्सिलरेटरच्या रॉडची झिजलेली पिन. यानेही रेस वर-खाली होते. पंपाचं ऑईल वेगळं असेल तर तेही तपासा. पातळी वाढली असेल तर त्यात डिझेल उतरतंय.

*टायमिंग गिअर बदलताना*
१. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणा. कव्हर उघडल्यावर, काहीही सोडवण्याआधी सगळ्या खुणांचे फोटो मोबाईलवर काढा.
२. गिअर एकटा बदलू नका, जोडीने बदला. झिजलेल्या दातांवर नवा गिअर लवकर खराब होतो. आयडलरचा बुश आणि पिनही बघा, कधी कधी दात चांगले असतात आणि झीज तिथेच असते.
३. खुणेला खूण जुळवा. मग इंजिन हाताने २ पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल.
४. दोन फेऱ्यांनंतर आयडलरवरची खूण जुळली नाही तर घाबरू नका. त्याचे दात वेगळे, त्याची खूण बऱ्याच फेऱ्यांनी परत येते. क्रँक, कॅम आणि पंप यांचे गिअर मात्र मूळ जागी आलेच पाहिजेत.
५. टॅपेट सेट करा, नंतर पंपाचं टायमिंग आपल्याच मॉडेलच्या पुस्तकातल्या अंशावर लावा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा चालणार नाही. पुढचा ऑईल सील आणि गॅस्केट नवे टाका.

*गव्हर्नर*
हा दोन प्रकारचा असतो. एकात वजनं आणि स्प्रिंगा, दुसऱ्यात हवेच्या ओढीवर चालणारा पडदा. पडदा फाटला किंवा त्याची नळी सैल झाली तर इंजिन जास्त पळतं. पडदा असा तपासा : इंजिन बंद असताना स्टॉप लिव्हर ओढून धरा, नळी जोडतात त्या तोंडावर बोट दाबा आणि लिव्हर सोडा. तो झटक्यात परत आला तर पडदा गळतोय.

वजनांचा गव्हर्नर घरी उघडू नका. स्प्रिंगा, पिना बदलल्यावर पंप टेस्ट बेंचवर लावावाच लागतो. दुसऱ्या पंपाची स्प्रिंग "बसते" म्हणून टाकू देऊ नका. काम झाल्यावर बिनलोड आणि पूर्ण लोडच्या फेऱ्यांचे आकडे लिहून मागा, जुने पार्टही परत घ्या. पंपावर मायको लिहिलं असेल तर पार्ट आता बॉश नावाने मिळतात, कंपनी तीच आहे.

*⚠️ जिवाची काळजी*
▪️ पंपाचं शिशाचं सील तोडू नका. कमाल रेसची मर्यादा तिथेच असते.
▪️ दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना दुसरा माणूस हवेच्या तोंडाजवळ जाड फळी घेऊन उभा ठेवा. इंजिन बेफाम पळालं तर लगेच स्टॉप ओढा. तरी थांबलं नाही तर फळीने हवा बंद करा. हात किंवा कपडा लावू नका, आत खेचला जातो. मुलांना लांब ठेवा.
▪️ नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट नेऊ नका. डिझेल कातडीत घुसतं. घुसलं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.

एकदा पाऊस लागला की मिस्त्रीला वेळ नसतो आणि राब थांबत नाही. म्हणून ट्रॅक्टर याच आठवड्यात सुरू करून कान देऊन ऐका. शंका वाटली तर पंपावरच्या प्लेटचा फोटो या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, वसई-विरार