फोटोचे किती घ्यायचे, किती द्यायचे?

घरून डबे देणाऱ्या वहिनी असोत, नृत्याचा क्लास चालवणारी मुलगी असो की हेन्डरसनच्या लिंकन रोडवर दुकान थाटलेलं जोडपं, धंदा म्हटला की फोटो आले. आणि फोटो म्हटले की आपल्यातलाच एखादा कॅमेरावाला आठवतो. "तू काय, घरचाच! येताना कॅमेरा घेऊन ये." जेवण होतं, कौतुक होतं, पण पैशांचा विषय निघाला की दोन्हीकडची मंडळी अवघडतात. एकाला मागवत नाही, दुसऱ्याला किती द्यावेत ते कळत नाही. म्हणून हा हिशेब एकदा उघडपणे मांडू या.

गावाकडे स्टुडिओच्या दारावर पाटी असायची : पासपोर्ट साइज, तीन कॉपी, इतके रुपये. धंद्याच्या फोटोंचा दर मात्र वेळेवर आणि खर्चावर बसवावा लागतो. समजा, एखाद्या फोटोग्राफरला कर भरण्याआधी वर्षाला ६०,००० डॉलर सुटायला हवेत. ही काही चैन नव्हे. १ एप्रिल २०२५ ला किमान वेतन ताशी २३.५० डॉलर झालं. त्या दरानेही आठवडी ४० तासांचे वर्षाला ४८,८८० होतात. कॅमेरा-लेन्सची झीज, कॉम्प्युटर, विमा, गाडी, अकाउंटंट यांचे १८,००० धरा. झाले ७८,०००.

आता दिवस मोजा. नोकरदाराला मिळते तशी चार आठवड्यांची रजा, १२ सार्वजनिक सुट्ट्या आणि थोडं आजारपण वजा केलं की ५२ पैकी ४४ आठवडे उरतात. त्यातही आठवड्याला दोनच दिवस प्रत्यक्ष फोटो काढण्याचे. बाकीचे निवड, एडिटिंग, फोनाफोनी आणि नवं काम मिळवण्यात जातात. म्हणजे वर्षाचे ८८ दिवस. ७८,००० भागिले ८८, दिवसाला सुमारे ८८६ डॉलर. बारा महिन्यांची उलाढाल ६०,००० च्या वर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची. १५ टक्के धरून बिल होतं १,०१९. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

"अबब!" डबेवाल्या वहिनी म्हणतील. खरंच आहे. त्यांची जीएसटी नोंदणी नसेल तर तो करही परत मिळायचा नाही. पण यावर उपाय दर पाडण्याचा नाही, काम आवरतं घेण्याचा आहे. तीन घरगुती उद्योगांनी मिळून एक दिवस घेतला, पदार्थ आधीच मांडून ठेवले, तर प्रत्येकी ३४० डॉलरच्या आत भागतं. चित्रकार मंडळी "तू फोटो काढ, मी चित्र देते" असा सौदा करतात. तोही चालेल, मात्र धंद्यातली अशी अदलाबदल इन्लँड रेव्हेन्यूच्या लेखी उत्पन्नच असते, हे विसरू नये.

आता खरी गोम. न्यूझीलंडच्या १९९४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर नव्हे, गिऱ्हाईक असतं. वेगळं ठरलं असेल तरच वेगळं. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही साधारण असंच आहे. ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने आणि कॅनडाने २०१२ मध्ये हा हक्क फोटोग्राफरकडे दिला. त्यामुळे तिकडची दरपत्रकं इथे जशीच्या तशी लावली तर फोटोग्राफर फसतो. तेच चित्र उद्या दुसऱ्या कुणाला विकायचं असेल, तर कोटेशनमध्येच तसं लिहायला हवं.

आणि "घरचाच आहे" म्हणून फुकट काढून घेतलेले फोटो? पैशांची बोलीच नसेल तर ते त्या फोटोग्राफरचेच राहतात. वहिनींनी त्यांच्यावर मेनू छापला, बोर्ड रंगवला, उद्या धंदा विकायला काढला, तरी फोटोंची मालकी त्यांच्याकडे नाही. मोफत वाटलेली गोष्ट अशी महाग पडू शकते.

तेव्हा काम सुरू होण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : किती तास, किती फोटो, जीएसटीसकट किती पैसे, फोटो कधी मिळणार आणि मालकी कुणाची. त्याखाली दोघांची सही. आपल्या माणसाला सूट द्यायची असेल तर जरूर द्या, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून त्यातून वजा करून दाखवा. म्हणजे घेणाऱ्याला कामाची किंमत कळते, देणाऱ्याला आपलं मोल कळतं, आणि पुढच्या गणपतीला दोघं एकमेकांकडे मोकळ्या मनाने जातात.